डॉक्टरीला लागेपर्यंत

मायनं चप्पल सोडली हे मला चुलतीनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज असा फुलला होता की जणू घरात लग्नच निघालंय. बारावीनंतरचा माझा 'नीट'चा, डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेचा, पहिला निकाल नुकताच लागला होता. मार्क कमी पडले होते. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून मी शहरातच, क्लासजवळच्या मुलींच्या वसतिगृहात पडून होते. आणि तिकडं मायनं, मंगळवार गाठून, आमच्या डोंगरावरच्या देवीच्या पायरीशी भावकीतल्या साऱ्या बायांसमोर पायातली चप्पल काढून ठेवली होती. लेक डॉक्टरीला लागेपर्यंत पायात काही घालणार नाही, असा नवस. चुलती म्हणाली, बघ, तुझ्या मायनं तुझ्यासाठी काय केलं ते. मी बरं म्हणून फोन ठेवला. तेव्हा जी चीड आली ती आजही तशीच्या तशी येते. मला कुणी विचारलं होतं का?

खरं सांगायचं तर मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मला गणित आवडायचं. दहावीला गणितात शाळेत पहिली आले आणि त्याच निकालाचे पेढे वाटून होईपर्यंत माझं गणित सुटलं. डॉक्टरीला जीवशास्त्र लागतं, दोन्ही धरलं तर पोरीची ओढाताण होईल, असं क्लासच्या सरांनी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. मका, कपाशी आणि अद्रकाची शेती. सरांचं ऐकून त्यांनी मान हलवली आणि विषय संपला. भावकीतली पोरं इंजिनियर होऊन पुण्याला गेली होती, डॉक्टर मात्र एकही नव्हता. ती जागा रिकामी होती, तिथं मला बसवलं. पोरगी हुशार निघाली की तिचं वाटोळं करायला एवढं पुरतं.

मग क्लास, खोली आणि अभ्यासिका. अभ्यासिका म्हणजे एका कॉम्प्लेक्सचा वरचा मजला आणि त्यात प्लायवूडनं पाडलेले कप्पे. समोर प्लायवूड, डावीकडं प्लायवूड, उजवीकडं प्लायवूड, पाठीमागं दुसऱ्या कुणाची तरी पाठ. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, बाहेर बघून लक्ष उडू नये म्हणून. उन्हाळ्यात कूलर नुसता ओरडायचा, गार काही करायचा नाही. माझ्या शेजारच्या कप्प्यात सोयगावची एक मुलगी होती. ती आमच्यातली सगळ्यात जुनी रिपीटर, म्हणजे परत परत परीक्षेला बसणारी. नवीन पोरी तिला ताई म्हणायच्या आणि ती उखडायची. ती म्हणायची, आपल्याला खुराड्यात कोंबलंय गं, फरक एवढाच की कोंबडी अंडं तरी देते. आम्ही तोंडावर ओढणी दाबून हसायचो. हसून झालं की परत पुस्तकात डोकं. पुस्तकात काय वाचत होते कुणास ठाऊक, मला मायचे पायच दिसायचे.

नवसाच्या आधी मला निदान हुकायची तरी मोकळीक होती. रडले असते, चार दिवस कुणाशी बोलले नसते, आणि पुढं काहीतरी शिकले असते. नवसानंतर तेही गेलं. सराव परीक्षेत एक उत्तर चुकलं की वाटायचं, माय आणखी एक दिवस उन्हात. गावी गेले की जो भेटेल तो तेच बोलायचा. मार्कांचं कुणी विचारायचं नाही, मायच्या पायांकडं बोट दाखवायचे. लोक त्याला नवस म्हणत होते. मला ते दावं वाटायचं, एक टोक तिच्या पायाला आणि दुसरं माझ्या गळ्यात.

त्यात मायला शुगर. नवसाच्या बऱ्याच आधीपासून होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की अनवाणी फिरायचं नाही, पायाला जखम झाली तर भरून यायची नाही. मायनं ते एका कानानं ऐकलं. गोळ्या आठवल्या तर घ्यायची, उपवासाच्या दिवशी तर हटकून घ्यायची नाही. कपाशी उपटलेल्या रानात, जिथं खुंट वर आलेले असतात, तिथं ही अनवाणी हिंडायची. अण्णा एकदा हळूच म्हणाले, रानात तरी घाल. ती म्हणाली, मग देवीला काय तोंड दाखवू? देवीचं नाव मधे आलं की अण्णा गपगार.

दुसऱ्या वेळीही माझं थोडक्यात हुकलं. या वेळी मी मुद्दाम घरी गेले. बसमध्ये सारं पाठ केलं होतं, भांडायचं तर भांडायचं, आता नाही ऐकायचं. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिच्या पायांकडं बघायचंच नाही असं ठरवून बोलत सुटले. बीएस्सीला जाते, गणित घेते, मास्तरकी करीन, तुमच्या जिवाला घोर लावणार नाही. आणि शेवटी म्हणलं, "माय, मला नाही बसायचं आता."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. रागावली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"नको बसू बाई," ती म्हणाली. "माझं काय, मी हिंडंन अशीच."

झालं. पाठ केलेलं सगळं तिथंच संपलं. तरी मी एक खटपट करून बघितली. डोंगरावर देवीची पूजा करणारा गुरव आहे, म्हातारा, भला माणूस. त्याच्याकडं गेले आणि विचारलं की बोललेला नवस मागं घेता येतो का. तो म्हणाला, न यायला काय झालं, नारळ फोडायचा, माफी मागायची, आई आहे ती, लेकराला धरून ठेवत नाही. मी जवळजवळ पळतच घरी आले. मायनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, देवी सोडील, पण मी नाही सोडणार. मी बॅग भरली आणि परत त्या प्लायवूडच्या कप्प्यात येऊन बसले. त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी माणूस नव्हते, नुसतं पाठांतर होते.

तिसऱ्या परीक्षेचा दिवस मात्र स्पष्ट आठवतो. मे महिना, भर दुपार, शहराच्या कडेची एक शाळा. ह्या परीक्षेला जाताना गेटवर सगळं उतरवून घेतात, कानातलं, नाकातलं, हातातले दोरे. माझ्या चपलेचा तळ जाड आहे म्हणून चप्पल बाहेरच ठेवायला सांगितली. मी ती सोबत आलेल्या मायच्या हातात दिली आणि अनवाणी आत निघाले. गेटपासून इमारतीपर्यंत फरशी होती. तळवे असे पोळले की मी टाचांवर नाचत गेले, मागच्या पोरी खिदळल्या. आत जाऊन बसल्यावरही पायांची आग थांबेना आणि डोक्यात एकच, ही बाई हे रोज करते. पेपर कसा सोडवला देव जाणे. सोडवला मात्र त्या आगीनंच.

सुटून बाहेर आले तर बाकीचे आईबाप झाडाखाली, भिंतीच्या सावलीला बसलेले, आणि माय डांबरी रस्त्याच्या कडेला, सुटल्यावर मला लगेच दिसावी म्हणून, माझ्या चपला छातीशी धरून उभी. तिच्याभोवती दोनचार बाया जमल्या होत्या. त्यातली एक करमाडकडची, पोराला घेऊन आलेली. ती वाकून मायच्या पायाला हात लावत होती. "डांबर मऊ पडलंय अन् ह्या माउलीला चटका नाय," ती मला म्हणाली. "देवी पावली बघ तुम्हाला."

मायचा चेहरा लाजल्यासारखा झाला होता. मी तिला विचारलं, खरंच पोळत नाही का? ती म्हणाली, पहिल्या साली लई पोळायचं, काटे मोडायचे, रडू यायचं, पण पुढं पुढं सगळं कमी होत गेलं. आता काहीच नाही, देवीनं काढून घेतलं. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच, रस्त्यावर, रडायला लागले. मला तोवर देवीचा राग होता. त्या दिवशी मी मनातल्या मनात तिचे पाय धरले.

आणि नंबर लागला. सरकारी कॉलेजला. घरात जे काय झालं ते सांगत नाही, अण्णा म्हशीच्या गळ्यात पडून रडले एवढं पुरे. नवस फेडायला सगळी भावकी डोंगरावर. वाजंत्री, पुरणाचा स्वयंपाक, मामानं आणलेली नवी कोरी चप्पल. मायनं ती पायरीवर घातली तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. मिरवत खाली आलो. दारात चुलती ओवाळायला पुढं झाली आणि फसकन हसली. मायच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठंतरी सुटली होती आणि ही तशीच चालत आली होती. अण्णा मागं गेले तर पार वळणावर सापडली. भावकीला चघळायला विषयच मिळाला, पायाला आता चप्पल मानवत नाही म्हणे, देवीची सवय लागली. माय पोट धरून हसली. मीही हसले.

कॉलेज मला आवडलं नाही. आजही आवडत नाही. खुराडं मोठं झालं इतकंच. पण दुसऱ्या वर्षी आम्हाला वॉर्डात न्यायला लागले. एका खाटेवर शुगरचा पेशंट होता, शेतकरीच, पायाला बँडेज. आमच्या सरांनी त्याला प्रश्न विचारले, म्हणजे पेशंटला कसं विचारायचं ते आम्हाला शिकवलं. त्यातला एक असा होता की चालताना पायातली चप्पल निसटते का, आणि निसटली तर कळतं का. तो म्हणाला, नाही कळत, मागून कुणीतरी हाक मारतं. सर आमच्याकडं वळून सांगू लागले की शुगरनं पायाच्या नसा मरत जातात, आधी आग होते, मुंग्या येतात, मग चटका कळत नाही, काटा कळत नाही, आणि पेशंटला वाटतं दुखणं गेलं. सगळे लिहून घेत होते. मी वॉर्डाबाहेर आले आणि भिंतीला धरून उभी राहिले.

सुट्टीला घरी गेले तेव्हा ओसरीत वेचून आणलेला कापूस पडला होता. मी मायला भिंतीला टेकून पाय पसरून बसवलं. चुलती होतीच, तिनं सगळ्यांना हाक मारली, आपली डॉक्टरीण तपासायलीय म्हणून. मी कापसाची बारीक वात केली. मायला म्हणलं, डोळे मिट, कापूस टेकला की हो म्हण. आधी तिच्या मनगटाला टेकवला. ती लगेच हो म्हणाली आणि हसली. मग अंगठ्याला टेकवला. टाचेला. तळव्यावरून सावकाश फिरवला, सगळ्या बोटांवरून फिरवला. दुसरा पाय घेतला. माय डोळे घट्ट मिटून, लेक तपासतेय ह्या आनंदात, तशीच बसलेली.

"लाव की बाई," ती म्हणाली. "कवाची वाट बघायलेय मी."