तोंडात पाणी धरून

२०१३ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. सानगडीच्या बसथांब्यावर साकोलीची एसटी उभी होती अन् माझा धाकटा भाऊ डोमा चिन्नोर तांदळाचं पोतं दारातून आत ढकलत होता. कंडक्टर म्हणाला, पोत्याचं तिकीट लागेल. डोमा म्हणाला, "साहेब, पोतं उभ्यानं येते, त्याले सीट नाही पायजे." सगळी गाडी हसली, कंडक्टरही हसला, तिकीट मात्र त्यानं फाडलंच.

बायको यमुना खिडकीशी बसली होती. तिच्या गुडघ्यांना आता बांधीतला, धानाच्या शेतातला चिखल सोसत नव्हता. मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. त्यानं सांगून ठेवलं होतं, आता दोघंही इकडंच या. धानाची बांधी डोमाच्या हवाली केली, घराची किल्ली त्याच्या बायकोच्या हाती दिली. निघताना डोमा खिडकीशी आला.

"दादा, तू पुन्याले जाऊन राहिला, जा. पन तिकडं तुयं आयकन कोन? तोंडाले कुलूप लागन तुया."

"मायं तोंड बंद करनारा अजून जलमाले आला नाही," मी म्हणालो.

गाडी सुटली. मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरलो असतो.

डोमा असं का बोलला, ते सानगडीवाल्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का गावोगावी नाटकं लागतात. नट म्हणजे आम्हीच, दिवसा धान कापणारे. पाठांतराला वेळ कोणाजवळ? म्हणून पडद्याआड एक माणूस नाटकाची प्रत घेऊन बसतो अन् नटाच्या एक ओळ पुढं राहून वाचत जातो. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. आमच्या मंडळाचा प्रॉम्प्टर मी. शाळा चौथीपर्यंत. डोमा राजा झाला, खुनी झाला, एकदा नटी आली नाही तर लुगडं नेसून सासूही झाला. पण त्याच्या तोंडचा शब्द आधी माझ्या तोंडून गेलेला असायचा. अन् माझी शान ही, का नटाला सगळं ऐकू जायचं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला काही नाही.

पुण्यात चौथा मजला. लिफ्ट, पार्किंग, व्हिजिटरची नोंद, दारावरची बेल. घर स्वच्छ, सून मायाळू, कशाला नाव ठेवायला जागा नाही. पण मी "मले दोन लिंबू द्या" म्हणालो की भाजीवाला हिंदीत बोलायला लागायचा. मी मराठीच बोलून राहिलो होतो. सानगडीत सकाळी चौकात बसून पेपर वाचायचो तर दहा माणसं आपली कामं करत ऐकायची. इथं बाल्कनीत वाचला तर खालच्या मजल्यावरून निरोप आला, काका जरा हळू. मी हळू वाचू लागलो. बंद नाही केलं.

एका रविवारी प्रशांतच्या ऑफिसातले पाहुणे आले. मी पेपर घेऊन बसलो होतो. प्रशांतनं कौतुकानंच ओळख करून दिली, "बाबा फार शिकलेले नाहीत, पण त्यांना वाचता येतं."

पाहुण्यांनी मान डोलावली. लहान पोरानं चप्पल बरोबर घातली तर डोलावतात तशी. मी पेपराची घडी घातली. पण तो "पण" माझ्या घशाखाली उतरला नाही. ज्या पोराला मी नाटकाच्या प्रतीवरून अक्षरं ओळखायला लावली, त्यानं मला चार माणसांत पास केलं होतं, कसंबसं.

आमच्याकडं स्वयंपाकाला रेखा यायची. ती सोलापूरकडची, लग्न करून इथं आलेली. भाकऱ्या थापता थापता तिचं काहीतरी पुटपुटणं चालायचं. मी विचारलं, कोणता जप करतेस? ती म्हणाली, "जप कसला काका, परीक्षा हाय. बारावी नसली तरी चालतंय. एक तयारीची परीक्षा द्यायची, पास झालं की थेट बीएला. वर्गात जायचं न्हाई. पुस्तकं घरी येत्यात. घरी शिकायचं आन् परीक्षेला जाऊन बसायचं. विषय सुटंल तसे श्रेयांक जमा होत्यात."

"माणसाच्या वयाची अट?"

"अठराच्या वर पायजे म्हणं."

"मंग मी बसतो त्यात," मी म्हणालो. ती हसली नाही, एवढ्यावरच मला ती बाई आवडली.

प्रशांत म्हणाला, बाबा, कशाला डोक्याला ताप? सून म्हणाली, करू द्या हो. यमुना म्हणाली, यायच्या डोक्यात शिरलं का ब्रह्मदेव आला तरी निंगत नाही. मी अर्ज भरला. पुस्तकं आली. भाषा बरी होती, गणित जड होतं, पण धान मोजून ज्याची हयात गेली तो गणिताला भीत नाही. रेखाचं काम आटोपलं का आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसायचो. मी वाचायचो, ती ऐकायची. तिला ऐकून ध्यानात राहायचं अन् मला वाचून. पुण्यात आल्यावर पहिल्यांदा माझ्या वाचण्यानं कोणाचं तरी काम होत होतं.

परीक्षेच्या दिवशी एका कॉलेजात आमचा नंबर लागला. रेखा माझ्या पुढच्या बाकावर. पेपर हाती आला. पहिलाच प्रश्न उताऱ्याचा. मी वाचू लागलो, एक ओळ, दुसरी ओळ. मग उत्तर लिहू लागलो.

थोड्या वेळानं पर्यवेक्षक बाई डोक्याशी येऊन उभ्या. "काका, उत्तरं सांगू नका."

"सांगून नाही राहिलो. वाचून राहिलो."

"मनात वाचा."

मी मनात वाचायला गेलो. कागद डोळ्यांपुढं, पण अक्षरं नुसती बसून राहिली. त्यांच्यात हालचालच नाही. तोंड हललं तरच माझ्या डोक्यात अर्थ उजाडायचा, हे मला त्या बाकावर बसून कळलं. उभ्या जन्मात मी एक ओळही मुक्यानं वाचली नव्हती. अन् आणखी एक गोष्ट कळली, ती जास्त लागली. मला वाटत होतं मी पडद्याआडून कुजबुजतो तेवढंच बोलून राहिलो. पण कान म्हातारे झाले होते. माझी कुजबुज दारापर्यंत जात होती. आयुष्यभर पहिल्या रांगेला जो आवाज ऐकू गेला नाही, तो त्या बाईंनी फळ्याजवळून ऐकला.

पुन्हा बोललो. त्या पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी माझा पेपर उचलला अन् रेखाच्या पेपरवर हात ठेवला. "दोघं मिळून चाललंय का?"

मी उभा झालो. "बाई, बोललो मी. तिनं मान वळवली का? नाही वळवली. माया पेपर न्या, तिच्या पेपराले हात लावू नका." सगळा वर्ग पाहत होता. बाई थांबल्या. रेखाच्या वहीत पाहिलं, माझ्या वहीत पाहिलं. तिची उत्तरं वेगळी होती, तीन प्रश्न पुढं गेली होती ती. बाईंनी हात काढला. मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो, पण मान खाली घालून नाही.

रेखा पास झाली. मी नाही.

डोमाला फोनवर सांगितलं. तो हसता हसता खोकू लागला. "दादा, मी म्हनलं होतं तोंडाले कुलूप लागन. तू तं कुलूप नाही लागलं म्हनून बाहेर निंगाला."

"पुढच्या खेपेले पाय," मी म्हणालो.

प्रशांत रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, आता बस झालं. सोसायटीत सगळ्यांना कळलंय. कोण विचारतं तुम्हाला डिग्री?"

"कोनी विचारत नाही म्हनूनच पायजे. विचारल्यावर तं कोनीबी देते."

त्याला ते समजलं नसेल. मलाही पूर्ण समजलं होतं असं नाही. पण बोललो ते मागं घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी पुन्हा अर्ज केला.

अडचण अभ्यासाची नव्हतीच, तोंडाची होती. ओठ दातांत धरून पाहिले, घसा घुमायचा. रुमाल बांधून पाहिला, रुमालातून बोललो. शेवटी यमुना वैतागली. पेल्यात पाणी आणून पुढं ठेवलं. "हे तोंडात धरा अन् वाचा. पाह्यतो कसे बोलता."

पहिला घोट पुस्तकावर गेला. दुसरा गिळला. तिसरा धरून बसलो. गाल फुगलेले, डोळे कागदावर. यमुना समोर शेंगा सोलत बसलेली, अन् मी बोलू शकत नाही हे पाहून तिनं लग्नापासूनची सगळी गाऱ्हाणी त्या दिवशी सांगून घेतली. 

बरेच दिवस अक्षरं मुकीच राहिली. मला वाटायचं, वाचलेलं कोणाच्या तोंडी गेलंच नाही, तर ते वाचलं कसं म्हणायचं? पडद्याआड मी एकटा कधीच नव्हतो. मी वाचायचो अन् तिकडून डोमाचा आवाज यायचा, तेव्हा ओळ पुरी व्हायची. इथं पलीकडं कोणीच नव्हतं.

मग एक दिवस नद्यांचा धडा होता. तोंडात पाणी. मी ओळीवर डोळा ठेवला अन् सवयीनं थांबलो, जसा नटासाठी थांबायचो. तर डोक्यात डोमा बोलला. राजाच्या आवाजात, छाती काढून, वैनगंगा कुठं उगम पावते अन् कुठं जाते ते सगळं. मी पुढची ओळ पाहिली. तोही पुढं गेला. पान संपलं. पाणी अजून तोंडातच होतं.

मी पेल्यात चूळ टाकली अन् यमुनेला म्हणालो, "जमलं." ती म्हणाली, "काय जमलं?" मी सांगितलं नाही. आज लिहून राहिलो.

दुसऱ्या परीक्षेला पर्यवेक्षक एक तरुण साहेब होते. मी बाटलीतून घोट घेतला, गाल फुगवले, लिहू लागलो. ते लगेच आले. "काका, तंबाखू थुंकून या."

बोलता येईना. मी पाणी गिळलं, तोंड उघडून दाखवलं, जीभ उचलून दाखवली. "पानी हाये, साहेब."

"पाणी तोंडात कशाला धरलंय?"

"मुकं राहाले. नाही तं तुमाले मले बाहेर काढा लागन."

त्यांनी बाटली उचलून हुंगली. मग म्हणाले, बाटली बाकावर ठेवा, लागेल तेव्हा घ्या. मी घोट घेत गेलो, डोमा बोलत गेला. एकदा तो गणितात अडखळला. तिथं मी त्याला सोडून पुढं गेलो.

निकाल रेखानं तिच्या मोबाइलवर पाहिला. ओल्या हातानं फोन माझ्यापुढं धरला अन् म्हणाली, "काका, आता तुमी माझ्या खालच्या वर्गात." प्रशांतनं पेढे आणले. सोसायटीत वाटताना तो म्हणाला, बाबा बीएला आहेत. "पण" नव्हतं. मी नीट कान देऊन ऐकलं.

लोक विचारतात, आता घर कोणतं, सानगडी का पुणं? बांधी तिकडं आहे, औषधाच्या गोळ्या इकडं आहेत. मी एवढंच सांगतो, तोंड बंद ठेवून जगता येते, ते मी परीक्षा देऊन दाखवलं. पण ते घर नव्हे. जिथं आपण वाचलेलं कोणीतरी ऐकून राहिलं, ते घर. मग तो माणूस भिंतीपलीकडं असो का भंडारा जिल्ह्यात.

बीएची पुस्तकं एका संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत गेलो अन् डोमाला फोन लावला. तो चौकात होता. मी म्हणालो, फोनचा आवाज मोठा कर अन् ओट्यावर ठेव. पहिला धडा उघडला, घसा साफ केला अन् वाचू लागलो, जुन्या सवयीनं, दबक्या आवाजात.

"दादा," तिकडून डोमा ओरडला, "मोठ्यानं वाच ना गा. मांगच्यायले आयकू येऊन नाही राहिलं."

खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली. मी उभा झालो, कठड्याला हात टेकला अन् पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.