ऊन नसलेल्या श्रावणातली मासोळी

आभाळ दोन-तीन दिवस नुसतंच दाटून राह्यलं की मले घरात बसवत नाई. बायको गेल्यापासून तं अजिबातच नाई. तळ्याच्या पाळीवर जातो, पाणी पाहतो, परत येतो, पुन्हा जातो.

देश स्वतंत्र होऊन तवा आठ-दहा वर्षं झाली असतील. समुद्रपूरच्या अलीकडे आमचं गाव. थोरल्या भावानं अन् मी गावतळ्यात मासोळी सोडली होती, नदीच्या पुरातून धरलेली बारीक पिल्लं. ती वाढली तं गावात राहायचं, नाई तं दोन्ही घरांनी नागपूरले गिरणीत जायचं, असं भावानं ठरवून टाकलं. बायकोले गाव सोडायचं नव्हतं.

पिल्लं पाण्यातलं हिरवं खातात. ते हिरवं म्हणजे डोळ्याले न दिसणारे जीव, असं पुढं एका साहेबानं सांगितलं. आम्ही नुसतं हिरवंच म्हणायचो. पाण्यात शेण टाकलं अन् वरून ऊन पडलं की ते धरायचं. त्या वर्षी श्रावणात ऊन पडेच ना. पाऊसही नाई, नुसते ढग. पाणी निवळत गेलं. पिल्लांची डोकी मोठी अन् अंग सुकलेलं.

भाऊ म्हणे, शेण वाढवू. बायको मले म्हणाली, ऊन नसताना टाकलं तं ते नुसतं सडन, मासोळी गुदमरन. पण आमच्यात बाई भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडत नसे. तिचं बोलणं मीच नेलं. भाऊ हसला.

"चुलीपुढं बसून तळं दिसते काय रे तिले?"

अन् त्यानं गाडीभर शेण ओतलं.

दोन दिवसांनी सकाळी पाहतो तं सारी पिल्लं वर आलेली, तोंडं उघडून. काही उलटी झालेली. भाऊ पाळीवर डोकं धरून बसला. मी इकडून तिकडे नुसता पळत होतो. बायको कासोटा खोचून कंबरभर पाण्यात उतरली अन् दोन्ही हातांनी पाणी बडवू लागली, पाण्यात हवा शिरावी म्हणून. डोक्यावरचा पदर कधीच घसरला होता. ती सरळ भावाकडे पाहून बोलली,

"भाऊजी, बसता काऊन? मासोळी मरून राह्यली. उतरा."

भाऊ उतरला. मग मीही. दुपारी वारा सुटेपर्यंत आम्ही तिघं पाणी बडवत होतो. हात भरून आले, पण थांबायची भीती वाटे. निम्मी पिल्लं गेली, निम्मी जगली.

जगली त्यावर दोन घरं चालणार नव्हती, एक कसंबसं चाललं असतं. थोरला म्हणून तळ्यातल्या मासोळीवर पहिला हक्क भावाचाच. पण गिरणीत तोच गेला. निघताना अंगणात उभा राहून त्यानं माझ्या बायकोलेच विचारलं,

"तळं पाहशीन ना, बाई?"

ती हो म्हणाली. मले कोणी विचारलंच नाई.