जांबाच्या बुडाची साल

हे मी मालकांच्या कानावर कधी घातलं न्हाई, लेकींच्याबी न्हाई. आज सांगून टाकते— बसा, मधात बोलू नका.

निजामाचं राज होतं तवा. बाळापुराजवळच्या गावात मी नवी सून. आमच्या मळ्यात सोमला राबायचा, तांड्यावरचा. त्यानं मला गुटी बांधायला शिकवली. बोटाएवढी फांदी घ्यायची, दोन बोटं साल गोल काढायची, शेणमाती लावून गोणपाट गुंडाळायचं, रोज पाणी घालायचं. महिन्यानं त्यानं गोणपाट सोडलं— आगं माय! फांदीला मुळ्या! पांढऱ्याफेक, लुसलुशीत! जमिनीचा पत्ता न्हाई अन् फांदी आपलं मूळ आपणच काढून राहिली! मी नाचायचीच बाकी राहिले. तुमी पाहिलंय असं कधी?

मग डोक्यात किडा वळवळला. फांदीला बांधली तर कापून लावायला रोप होतं— बुडाला बांधली तर अख्खं झाड काहून होणार न्हाई? सोमलानं बजावलं होतं, "धाकल्या बाई, बुडाला हात लावू नका, खालचं मूळ उपाशी मरतं." ऐकते कशाला मी! सासूबाईंचा जांब होता— पेरू म्हणता तुमी त्याला— मळ्यात एकच, आतून लालभडक, लेकरावाणी जपलेला. सोमला बाजाराला गेला तशी मी विळ्यानं बुडाची साल गोल काढली, गोणपाट बांधलं, भोवती गवत लोटून दिलं.

अन् मुळ्या फुटल्या, व्हय! खोटं न्हाई सांगत— बोटं घालून पाहिल्या. पण एवढ्या झाडाला तेवढ्या मुळ्या काय पुरणार? होळीपर्यंत जांबाचा खराटा झाला.

सासऱ्यांनी गवत ओढलं. बुड पाहिलं. "कुणाचं काम हे?"

मी बोलले— "सोमलाचं."

सोमलानं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं— त्याच्या हातची साल अशी वाकडीतिकडी कधी निघायची न्हाई. त्यानं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का? त्याच दिवशी त्याला मळ्यातून काढलं. झाडं मारतो म्हणून गावात कुणी कामाला ठेवीना. बायको-लेकरं घेऊन तो कुठं गेला, मी विचारलंबी न्हाई.

आता आसपासच्या गावांतल्या बाया माझ्याकडं गुटी शिकायला येतात. गोणपाट सोडताना मला अजून दम निघत न्हाई, मुळी दिसली की ओरडतेच मी! त्या हसतात, विचारतात, तुमाला कुणी शिकवलं?

आमच्या माहेरी सगळ्यांनाच येतं, म्हणते मी. कालबी म्हणले.