सारवलेली अंगणं

पाथर्डीहून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. गाडी रेखा चालवत होती; आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो. मागे माझी धाकटी जाऊ मंगल बसली होती, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. नगरला माझा तिसरा केमो होता. डाव्या स्तनात गाठ निघाली होती. सहा केमो देऊन ती लहान करायची, मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं की हा शेवटचा. चौथ्याला जायचं नाही. हे कुणालाच बोलले नव्हते, नवऱ्यालाही नाही.

करंजीचा घाट चढताना खाली सगळं धुक्यात बुडालेलं होतं. रेखा शाळेतल्या गमती सांगत होती आणि मी हसत होते. हसणं सोपं होतं. ठरवून टाकलं की माणूस हलका होतो.

दवाखान्यात लाल औषध सुरू झालं तशी मंगलने बर्फाचा खडा तोंडात दिला. तोंडाला लोखंडाची चव आली होती.

"ताई, दोन घास तरी. मऊ भात आहे, ताक घातलंय."

मी मान हलवली. तिने डबा झाकला, माझे पाय मांडीवर घेतले आणि सलाईन संपेपर्यंत चेपत राहिली.

परत निघालो ते दुपारी. घाट उतरल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. गाड्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने सोडल्या होत्या. त्यात रेखाचं एक वळण चुकलं आणि पुढे एका वस्तीजवळ टायर बसला.

"तुम्ही सावलीत थांबा, स्टेपनी बदलते," ती म्हणाली.

मी आणि मंगल वस्तीत शिरलो. दहा-बारा घरं, प्रत्येक दाराला कुलूप. आमच्याकडे हे दरवर्षीचंच. दिवाळी झाली की माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. पण इथं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. ऊन स्वच्छ होतं आणि आमच्या चपलांशिवाय कसलाच आवाज नव्हता. मग माझ्या लक्षात आलं. अंगणं सारवलेली होती. एकूण एक. शेण अजून ओलं होतं, आणि कुलूप लावलेल्या प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढलेली होती.

"ताई, चला ना माघारी," मंगल कुजबुजली.

शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

"आलीस व्हय, लक्षे? लई येळ लावलास. आन् डोईला फडकं कशापायी बांधलंस?"

मंगलने माझं कोपर घट्ट धरलं. मी लक्षी नाही, असं सांगायला मी पुढे झाले. तिच्याशेजारी बसले. कोपरापर्यंत शेण वाळलेला तिचा हात माझ्या डोक्याकडे आला आणि स्कार्फ मागे सरला.

"केस गेले समदे," ती म्हणाली.

तोच हात खाली उतरला आणि पदरावरून नेमका डाव्या बाजूला, गाठीवर थांबला. तिथं मी नवऱ्यालाही हात लावू देत नव्हते.

"हाय अजून." तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "तवाच म्हनलं हुतं, दवाखान्यात दाव. तर म्हनलीस, हंगाम सरला, पट्टा पडला की जाते. गेलीस का?"

"गेले होते," मी म्हणाले. असं का म्हणाले, ते आजही कळत नाही.

"पुना जायाचं हाय?"

ती हात उचलत नव्हती. उलट तो जड होत चालला होता.

"जाईन."

"समदं पुरं करून ये. अर्ध्यातनं येऊ नगंस."

"नाही येणार, आई."

हात निघाला. रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला आणि मंगलने मला जवळजवळ ओढतच नेलं. वळून पाहिलं, तर म्हातारी शेजारच्या अंगणात गुडघ्यांवर बसून, ओल्या जमिनीवरच पुन्हा हात फिरवत होती.

तिसगावात चहाला थांबलो. मंगलने चहावाल्याला त्या वस्तीतल्या म्हातारीबद्दल विचारलं.

"हाय की एक. जेवनाचा डबा जातो हितनं तिला. लेक वारली ना तिची, छातीत गाठ झालती. फडातच गेली, ऊस तोडता तोडता." त्याने कप पुढे केले. "म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई आता. चाचपत चाचपत समद्यांची अंगनं सारवती."

रेखाने आमच्याकडे पाहिलं; म्हातारीचं बोलणं वाटेत तिला सांगितलं होतं. डोक्यावरचा स्कार्फ म्हातारीला कसा कळला, हे आम्हा तिघींपैकी कुणीच मोठ्याने विचारलं नाही.

गाडीत बसल्यावर मी सांगून टाकलं की मी चौथ्याला जाणार नव्हते. मंगल एकदम रडायला लागली.

"आम्हाला न विचारता ठरवलंत? चालवत नसेल तर मी उचलून नेईन तुम्हाला."

घरी नवरा दारातच उभा होता. त्यालाही सांगितलं. पुढच्या तिन्ही केमोंना तो आमच्याबरोबर आला, दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून राहायचा. नंतर ऑपरेशन झालं.

गुढीपाडव्यानंतर मी आणि मंगल लुगडं घेऊन त्या वस्तीवर गेलो. सगळी दारं उघडी होती, शेळ्या, पोरं, वाळत घातलेल्या गोधड्या. म्हातारी त्याच ओट्यावर होती. मी तिचा हात हातात घेतला.

"कोन गं तू, बाई?"

"पाथर्डीची. शिक्षिका आहे."

"बरी हाईस?"

"बरी आहे."

तिने मान डोलावली. "माझी लक्षी आलती मधी. बरं वाटाया लागलंय म्हनं तिला."

मी लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि उठले. गाडीत मंगलने विचारलं, "सांगितलं का नाही, की तेव्हा आलेल्या तुम्हीच होतात?"

मला नाही सांगवलं. त्या दुपारी तिच्याशेजारी मी एकटीच बसले होते, लक्षी नव्हतीच, असं मला तरी छातीठोक कुठं सांगता येतंय?