अप्पांचा एंटर

शफी मेकॅनिकच्या पोरीनं एक्सएमएल एडिटर बनवला, असं सांगितलं तर बीडात आजही लोक आधी हसतात. हसू द्या. कोर्टामागच्या गल्लीत अर्जुनरावांचं ऑफिस आहे, तिथं कायद्याची जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवतात. शफीची ही पोरगी, शाईस्ता, तिथं कामाला. पुण्याच्या प्रकाशकाला मजकूर एक्सएमएलमध्ये लागतो. म्हणजे हे शीर्षक, हे कलम, हा परिच्छेद, अशी प्रत्येक तुकड्याला कंसातली खूण. त्या खुणांनी टायपिस्ट मेटाकुटीला आलेले. शाईस्तानं ब्राउझरमध्येच असं पान तयार केलं, की माणसानं साध्या कागदावर केल्यासारखं टाइप करावं आणि खुणा मागच्या मागं पडाव्यात. कुणी शिकवलं नव्हतं हो तिला!

सगळे सुखावले, अडले ते विश्वेश्वरअप्पा. चाळीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर बडवलेला माणूस. शुद्धलेखनाची चूक औषधालाही सापडायची नाही. पण त्यांची अख्खी फाइल पुण्याहून परत आली. प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होऊन बसलेली! टाइपरायटरवर ओळ संपली की दांडा ढकलायचा, तसा अप्पांचा हात आपोआप एंटरवर जायचा, आणि एडिटरच्या लेखी एंटर म्हणजे नवा परिच्छेद. अर्जुनरावांनी बजावलं, सोमवारच्या फाइलीत पुन्हा हेच झालं तर अप्पांनी घरी बसावं.

शाईस्तानं तीनदा समजावलं. अप्पा मान डोलवायचे, हात आपलं तेच करायचा.

"हात ऐकत न्हाई, बेटा," ते खाली बघून म्हणाले. "मीच जातो आता."

दोन दिवस शाईस्ता शेजारी खुर्ची टाकून नुसती त्यांची बोटं बघत बसली. तेव्हा कळलं, खरा परिच्छेद सुरू करताना अप्पा आधी पाच वेळा स्पेसबार दाबतात, न चुकता. तीही टाइपरायटरचीच शिस्त. मग तिनं एडिटरला नियम घातला: एंटरनंतर पाच स्पेस आल्या तरच नवा परिच्छेद, नाहीतर ओळ मुकाट मागच्या ओळीला जोडायची. एखाद्या शहाण्यानं अप्पांनाच आणखी एक क्लास लावला असता. अप्पांना मात्र तिनं यातलं काही सांगितलं नाही.

सोमवारी फाइल गेली. दुपारी उत्तर आलं, एकही चूक नाही. अप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बघा अर्जुनराव, शिकलो का न्हाई म्हातारपणी? हात आला ताब्यात."

नव्या नियमाचं शाईस्तानं अर्जुनरावांच्या कानावर घातलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तोच शाईस्ता मध्ये पडली.

"शिकलात की, अप्पा. लई लवकर शिकलात," ती म्हणाली आणि पुढचं पुस्तक तिनं त्यांच्यापुढं ठेवलं.