अनुसयाबाईंच्या अंगणातून

पावसाळ्याआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला लीलाधर पटल्यांनी कधी मजूर लावला नाही. स्वतःचं घर तर सोडाच, भावकीतली घरंही ते हौसेनं फेरत. छपरावर चढलं की सगळं गाव आपलं वाटतं, असं म्हणत. मग गुडघ्यांनी दगा दिला, पाठोपाठ बायको गेली आणि कोहमाऱ्याजवळच्या त्या गावात हा माणूस खाली जमिनीवर एकटा राहिला. नागपूरला दिलेल्या लेकीनं, रुचीनं, बापाचा जीव रमावा म्हणून ड्रोन आणून दिला. स्वतःच्या नावानं त्याची नोंदणी केली, उडवायला शिकवलं आणि गेली. या वयात हे खेळणं पाहून लोक हसले. हसेनात का, लोकांना दुसरं काम काय.

दुपार कलली की लीलाधर बोडीपलीकडे, गावच्या त्या लहानशा तळ्याच्या पल्याड, अनुसयाबाईंच्या अंगणात जात आणि तिथून ड्रोन उडवत. अनुसयाबाईही एकट्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रायपूरला. त्या चहा देत आणि बाजेवर बसून रिमोटच्या पडद्याकडे पाहत.

"धानाच्या बांधीकडं न्या जी."

"नेऊन राहिलो."

"वरून आपलं घर केवढंसं दिसते, नाई?"

"कवेलू फुटले तुमचे. कोपऱ्यातले."

बस, एवढंच बोलणं. एवढ्याशा बोलण्यावर लीलाधर दुसऱ्या दुपारपर्यंत तग धरत. याला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलेलं खपलंही नसतं. रुचीला तर मुळीच कळायला नको होतं. आईच्या वर्षश्राद्धाला एक काका सहज बोलून गेले होते, "लीलाधरले कोणी सोबत पाहा रे," तर पोरगी भरल्या ताटावरून उठली होती. ते तसंच राहिलेलं ताट लीलाधर विसरले नव्हते.

भादव्यात ड्रोन काही केल्या उडेना, म्हणून ते चौकातल्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार मोनूनं तो उलटसुलट करून पाहिला.

"नवीन नियम आला काका. अपडेट मारनं पडते. आता ड्रोन कुठी आहे तेच नाई, उडवनारा कुठी उभा आहे तेही दिसते."

"कोणाले?"

"सरकारले. आन् खातं ज्याच्या नावानं आहे, त्याच्या मोबाइलवर."

"कायले? मी का चोर आहो?"

"चोर नाई तं भेता कायले?"

दुकानातले रिकामटेकडे हसले. लीलाधरांनी अपडेट मारून घेतलं आणि ड्रोन उचलला. असल्या शहाण्यांना कोण सांगणार, की चोरी नसली तरी माणसाजवळ झाकून ठेवावं असं काही असतं. अंगावरचे कपडे काय कोणी चोरीचे म्हणून घालतं?

त्या दिवसापासून ते आपल्याच अंगणातून ड्रोन उडवू लागले. सरकारचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. सरकार काय ताटावरून उठणार होतं? पण नागपुरात लेक मोबाइल उघडून बसली आहे, असं त्यांना उठता-बसता दिसू लागलं. अनुसयाबाईंना खरं सांगायला जीभ रेटेना.

आठवडी बाजारात त्या भेटल्या.

"काऊन येऊन नाई राहिले?"

"गुडघे दुखते जी."

बाजार अनुसयाबाईंच्या घराहून कितीतरी लांब, आणि लीलाधर तिथवर पायी आले होते. अनुसयाबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, पिशवी या हातातली त्या हातात घेतली आणि भाजीकडे वळल्या.

दिवाळीनंतर एका दुपारी लीलाधरांनी ड्रोन बोडीपलीकडे नेला. अंगणातली बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. दाराला कुलूप. मुलगा दिवाळीला आला आणि त्यांना कायमचं रायपूरला घेऊन गेला, असं शेजारणीनं सांगितलं. लीलाधरांना त्या रात्री भाकर गिळवली नाही.

दिवाळीनंतरच्या जत्रेला, मंडईला, रुची आली. जेवताना त्यांना राहवलं नाही.

"तुले दिसत असंल न, मी ड्रोन कुठून उडवतो ते?"

"कशात?"

"मोबाइलमंदी. त्या अ‍ॅपात."

"ते तं मी कवाचंच काढून टाकलं बाबा. मोबाइल भरून जाते." तिनं भाजी वाढली. "तुमी उडवता का अजून?"

लीलाधरांच्या हातातला घास हातातच राहिला. कोणीच पाहत नव्हतं. ज्या नजरेला भिऊन त्यांनी ते अंगण सोडलं, ती नजर कधी नव्हतीच. त्यांना स्वतःचा संताप आला आणि मग फार एकटं वाटलं.

"ते अ‍ॅप मोबाइलमंदी परत टाक," ते म्हणाले.

"काऊन?"

"टाक म्हणलं न."

तिनं टाकलं. तिची बस गेल्यावर लीलाधर थेट बोडीपलीकडे गेले. बाज खाली घेतली, तिच्यावर बसले आणि ड्रोन वर सोडला. कोपऱ्यातले कवेलू तसेच फुटलेले होते. रुचीचा फोन आला तर काय सांगायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. अनुसयाबाईंच्या अंगणात आहो, असंच सांगायचं होतं. बॅटरी संपेपर्यंत ते तिथे बसून राहिले. फोन आला नाही.