चांदीच्या गायीचं शेपूट

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेवटी शेवटी एकच गोष्ट मागायच्या. गाय. चहा नको, भाकर नको, गाय आणा. माणूस जायच्या आधी गाय दान दिली, तिचं शेपूट हातात धरलं, की वाटेतली वैतरणी नदी उतरता येते, हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि शेपूट तर त्यांच्या रोजच्या हातातलं होतं बघा. चाकूरकडच्या आमच्या गावी पहाटे उठल्या की आधी गोठ्यात जायच्या, काळ्या गायीच्या शेपटीचा गोंडा डोळ्यांना लावायच्या, मगच चूल पेटायची. आम्ही लातूरला राहायला आलो तेव्हा ती गाय हाळीच्या बाजारात विकली. त्यानंतर आत्याबाईंनी गायीचं नाव काढलं ते थेट आता.

आणि आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

"आई, लिफ्टमधी चार माणसं मावतात. गाय मावल का?" हे म्हणाले.

"मग मला न्या की खाली. मी तर मावते."

पण त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी, नुसतं उठवून बसवलं तरी धाप लागायची. खाली कसं न्यायचं?

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, चांदीची चालते. मग हे सराफाकडून अंगठ्याएवढी गाय घेऊन आले. पोटाशी वासरू, गळ्यात घंटा, लई सुबक.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले. आत्याबाईंची नजर काचबिंदूनं कधीच गेलेली, त्यामुळं त्यांनी गाय बोटांनीच बघितली. "शिंगं हायती. पाठ... वासरू बी हाय की गं." जरा हसल्या. मग बोटं मागं सरकली आणि तिथंच चाचपडत राहिली.

"शेपूट कुठाय?"

"आहे की आत्याबाई. मांडीला चिकटलंय."

"चिकटलेलं धरू कसं?"

गुरुजी समजुतीनं म्हणाले, "आजी, संकल्प सोडला की त्यात सगळं येतं."

"म्हाराज, पुरात संकल्प धरून पवता येतंय व्हय?"

हे हसले, गुरुजीही हसले. मला काही हसू आलं नाही. न पटलेली बांगडी कासाराला परत करावी तशी आत्याबाईंनी ती गाय माझ्या हातात परत दिली होती आणि भिंतीकडं तोंड फिरवलं होतं.

मी म्हणलं, गुरुजी, जरा थांबा. देवघरातला कापूस घेतला आणि वात वळायला बसले. लांब वळली, चांगली पिळून. टोकाला कापूस पिंजून गोंडा केला. काजळाची डबी काढून ती वात काळी केली. त्यांना दिसणार नव्हतं, पण काळ्या गायीला पांढरं शेपूट कसं लावणार? चांदीच्या गायीच्या मागच्या पायांतून ओवून गाठ मारली. गुळगुळीत चांदी ती, गाठ कुठं बसतेय! दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

हातात दिलं. त्यांनी गोंडा डोळ्यांना लावला. मग हळूच म्हणाल्या, "कापूस हाय न्हवं?"

"हो आत्याबाई."

"भिजल की गं."

"पिळून वळलाय," मी म्हणलं.

गुरुजींनी मंत्र म्हणले, पळीनं पाणी सोडलं. मग दान घ्यायचं म्हणून त्यांनी गाय उचलली. आत्याबाईंनी शेपूट घट्ट धरलेलं. गाठ सरकली. गाय गुरुजींच्या हातात गेली, वात इकडं राहिली. आवाज काही झाला नाही. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्यांनी मंत्र थांबवला नाही.

मला वाटलं, आत्याबाईंना कळलं नसावं. तेवढ्यात त्यांनी वात दोन बोटांत धरून ओढून बघितली. विहिरीत पोहरा सोडायच्या आधी बाई दोर ओढून बघते ना, तशी. वात नुसती ओढली गेली, पलीकडं काहीच नव्हतं. त्यांनी मूठ मिटली.

ती परत उघडलीच नाही. त्या गेल्यावर आंघोळ घालताना मी हात धुवायला घेतला, तर बोटांच्या फटींतून काजळ उतरलेलं. हे म्हणाले, "राहू दे. आईचं आईला घेऊन जाऊ दे." तशीच मिटली मूठ घेऊन गेल्या.

आता माझंही वय झालं, गुडघे गेले, आणि परवा पुतणीसाठी जोडवी घ्यायला सराफाकडं गेले तर काचेखाली गायींची रांगच. एकेक काढायला लावली. सगळ्यांची शेपटं मांडीला चिकटलेली.

"सुटं शेपूट असलेली न्हाई का?"

"मावशी, सुटं मोडतंय. चिकटलेलं टिकतंय."

"टिकवायचं कुणाला हाय बाबा? धरायचं हाय."

त्यानं गायी परत काचेखाली लावल्या आणि विचारलं, जोडवी दाखवू का?